कडुनिंबाखालची मुरुडशेंग

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. आजवर या मंडळात मी सतरंज्या अंथरल्या, चैत्रातल्या हळदीकुंकवाला डाळ-पन्हे वाटले, भजनाला मागच्या ओळीत बसून टाळ वाजवले; पण या टेबलामागे कधी उभी राहिले नव्हते. गेल्या महिन्यात चिटणीसबाई वर्गणीला म्हणून घरी आल्या, पाणी पिता पिता परसात डोकावल्या आणि 'हे लाल फूल कसले हो?' म्हणून विचारू लागल्या. तेथेच मी सापडले. मी अर्धा तास बोलले, त्यांनी ऐकून घेतले आणि जाताना 'हेच वर्धापनदिनाला सांगायचे' असा हुकूम सोडून गेल्या. तेव्हा चूकभूल झाली तर निम्मा दोष त्यांचा.

आमचे घर यवतमाळच्या जुन्या वस्तीतले. मागे परस आहे, आणि परसाच्या मध्याला जरा सोडून मामंजींनी लावलेला कडुनिंब आहे. झाड आता इतके पसरले आहे की सकाळी दहानंतर परसात ऊन असे उतरतच नाही. जमिनीवर नुसते कवडसे. उन्हाळ्यात सारे गाव भाजून निघत असते तेव्हा आमच्या परसात बाज टाकून निजता येते. पण फुलांच्या नावाने शिमगा. तेथे गुलाब लावला, तो उंच झाला आणि कळी धरीना. मोगऱ्याला पाने आली, फूल एक नाही. पुण्याच्या बहिणीने मोठ्या कौतुकाने हायड्रेंजिया दिला, 'सावलीतच वाढतो गं' म्हणून. वाढत असेल तिकडे. आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकला तशी त्याची पाने भाजलेल्या पापडासारखी झाली. देवाला फुले विकतच आणावी लागत.

याच परसावरून घरात एकदा वाद झाला. मुलगा म्हणाला, 'आई, निंब काढून टाकू. खाली काही येत नाही, पाला झाडून तुझी कंबर जाते, आणि तेवढ्यात गाडी ठेवायला जागा होईल. फरशी घालून घेऊ.' १९७५ च्या वृक्ष कायद्याप्रमाणे शहरातले झाड तोडायला परवानगी लागते, हे मी त्याला सांगून पाहिले. तर तो म्हणाला, 'काढू परवानगी.' त्यावर मला बोलता येईना. कारण खाली काही येत नाही हे खरेच होते.

आता दुसरी गोष्ट सांगते. वाटेल की विषय सोडला, पण सोडलेला नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत आम्हांला नातू झाला. मी हौसेने काष्ठौषधीच्या दुकानातून बाळगुटीचे सामान आणले. वेखंड, बाळहिरडा, मायफळ, जायफळ, अतिविष, काकडशिंगी, हळकुंड, आणि मुरुडशेंग. सासूबाईंची सहाण काढून धुऊन ठेवली. त्याच सहाणेवर माझ्या दोन्ही मुलांना गुटी उगाळली होती. तर सूनबाई हळूच म्हणाली, 'आई, डॉक्टरांनी सांगितले आहे, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही द्यायचे नाही. पाणीसुद्धा नाही.' मला राग आला, हे येथे कबूल करते. दोन दिवस मी तिच्याशी मोजके बोलले. पण मग विचार केला, की आपल्या काळी किती घरांत बाळे जुलाब-वांत्यांनी गेली, ती काय आपल्याला माहीत नाहीत? सहाण नीट धुतली जाते की नाही, दुकानातले औषध किती वर्षांचे, त्यात बुरशी आहे की काय, कोण पाहणार? डॉक्टरांचे म्हणणे बरोबर आहे. मी डबा माळ्यावर ठेवून दिला.

जून महिन्यात माळा झाडताना तो डबा हाती आला. मुरुडशेंगा हातात घेतल्या आणि मनात आले, की जन्मभर मी ही शेंग उगाळली, 'दोन वेढे घे, तीन वेढे घे' असे दुसरीला शिकवले, पण हिचे झाड मी पाहिले आहे का? पान कसे, फूल कसे? काही सांगता येईना. तुम्हीही आठवून पाहा. शेंग मात्र आपण डोळे मिटूनही ओळखू. पाच पेड एकमेकांत पिळून घातलेली, बोटाच्या दोन पेरांएवढी, तपकिरी. पोटातल्या मुरड्यावर द्यायची ती, आणि स्वतःही मुरडलेली. जुन्या माणसांनी रूप पाहून गुण ठरवला की गुण पाहून नाव दिले, कोण जाणे.

त्या शेंगा मी विळीवर उकलल्या. आत बारीक, काळपट, टोकदार बिया निघाल्या, साठ-सत्तर तरी. म्हटले, बाळाच्या पोटात नाही तर नाही, मातीत घालून पाहू. जाऊबाई म्हणाल्या, 'औषधाच्या काडीला कधी पाला फुटला आहे का?'

तीस बिया पेरल्या. महिनाभरात दोन वर आल्या. मी खट्टू होऊन बसले होते, तो शेजारचे एक काका, ते वनखात्यातून निवृत्त झालेले, कुंपणावरून म्हणाले, 'वहिनी, त्या बियांचे कवच टणक असते. पाणी आत शिरतच नाही. जंगलात ते वर्षा-दोन वर्षांनी कुजून-भाजून उघडते. तुम्ही कढत पाणी घाला.' पाणी उकळून चुलीवरून उतरवायचे, वाफेचा जोर गेला की वाटीतल्या बियांवर ओतायचे, आणि रात्रभर तसेच ठेवायचे. सकाळी ज्या बिया फुगलेल्या दिसतील त्या पेरायच्या. न फुगलेल्यांना पुन्हा एकदा तेच. उरलेल्या तीसांतून या रीतीने चौदा रोपे उठली. भगिनींनो, या भाषणातले दुसरे काही ध्यानात राहिले नाही तरी चालेल, कढत पाण्याचे राहू द्या.

पावसाळ्यात रोपे दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत वाढवली. दिवाळीला वीतभर झाली. आणि मग आला २०१८ चा उन्हाळा. तो येथे बसलेल्या कोणाला सांगायला नको. आदल्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. निळोणा आणि चापडोह, दोन्ही धरणांनी तळ गाठला. पंधरा-पंधरा दिवस नळाला थेंब नसे. रात्री दोनला टँकर आला की घागरी घेऊन धावायचे. माणसांना पाणी नाही, तेथे रोपांना पाणी घालताना माझाच हात अडखळे. तांदूळ धुतलेले, डाळ धुतलेले, भाजी धुतलेले पाणी एका गंजात साठवायचे आणि संध्याकाळी प्रत्येक पिशवीला एक पेला. साबणाचे पाणी मात्र घातले नाही. कुंडीतली क्रोटने गेली, तुळससुद्धा एकदा वाळून पुन्हा लावावी लागली. मुरुडशेंगेची पाने तर फाल्गुनातच गळाली होती; नुसत्या काड्या. जाऊबाईंनी त्या मेल्या समजून पाच पिशव्या उकिरड्यावर फेकल्या. मी घरी नव्हते. आल्यावर एका काडीची साल नखाने खरवडली तर आत हिरवी! तोवर फेकलेल्या पाचही उन्हात वाळून गेल्या होत्या, आणि आधी आणखी काही मेल्या होत्या. राहिल्या सहा. म्हणून सांगते, हे झाड उन्हाळ्याच्या तोंडी पाने टाकते, तो त्याचा स्वभाव आहे. खरवडून पाहिल्याशिवाय उपटू नका.

त्या सहा रोपांनी मला सावली म्हणजे काय ते शिकवले. मी समजत होते, सावली ती सावली. पहिला पाऊस चांगला झाल्यावर जुलैत दोन रोपे निंबाच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर लावली, दोन मधल्या जागी, आणि दोन पूर्वेच्या भिंतीकडे, जेथे निंबाची शेवटची डहाळी संपते आणि सकाळचे दोन-अडीच तास ऊन तिरपे येते. बुंध्याजवळच्या दोघींपैकी एक त्याच वर्षी गेली, दुसरी अजून गुडघाभरच आहे. तेथे नुसत्या सावलीचा प्रश्न नसतो; निंबाची मुळे सगळे पाणी आधी ओढून घेतात. मधल्या दोघी वाढल्या, पाने भरपूर, फूल चार-दोन. पूर्वेकडच्या दोघी आज माझ्या डोक्याच्या वर गेल्या आहेत आणि फुलतात त्याच.

हे असे का, याचा उलगडा मला पुढे टिपेश्वरला झाला. पांढरकवड्याकडचे हे अभयारण्य १९९७ साली झाले. मुलगा आम्हांला दिवाळीनंतर तेथे घेऊन गेला तो वाघ दाखवायला. वाघ काही दिसला नाही, पण रस्त्याच्या कडेला सागाखाली मला माझी मुरुडशेंग दिसली. एक नव्हे, झुडपेच्या झुडपे, हिरव्या पिळलेल्या शेंगांनी लगडलेली. गाडीत मी एकटीच ओरडले, आणि सगळ्यांना वाटले वाघ! असो. तेथे पाहिले की दाट गर्दीच्या मध्यात ही झुडपे विरळ आहेत. जेथे एखादे झाड पडून आभाळ उघडले आहे तेथे, आणि वाटेच्या कडेने दाट आहेत. शिवाय साग उन्हाळ्यात पार उघडा होतो. म्हणजे त्याच्या खालच्या झुडपाला वर्षातून काही महिने चांगले ऊन मिळते. आपला निंब तसा नाही. तो फाल्गुनात पाने झाडतो आणि चैत्रात पुन्हा पालवून मोकळा होतो. तेव्हा निंबाखाली लावायचे तर झाडाच्या परिघावर लावावे, आणि निंबाच्या अगदी खालच्या दोन-चार फांद्या उतरवून घ्याव्यात. तेवढे मी करून घेतले. झाड पाडण्यापेक्षा ते पुष्कळ स्वस्त पडले.

पहिले फूल आले २०२० च्या ऑगस्टमध्ये. टाळेबंदीचे दिवस, कोणी कोठे जात नव्हते, मंडळ बंद, देवळे बंद. सकाळी चहाचा कप घेऊन परसात गेले तर पानाच्या बगलेत लालभडक काहीतरी. जवळून पाहिले तर पाकळ्या मागे वळलेल्या आणि मधून एक लांब वाकडा दांडा बाहेर आलेला, हत्तीने सोंड उचलावी तसा. त्याच्या टोकाला पराग. दुसऱ्या फांदीवरचे, आधी उमललेले फूल मात्र शिशाच्या रंगाचे झाले होते, निळसर-करडे. मला वाटले रोग पडला. नंतर कळले की हिची रीतच तशी आहे: उमलताना लाल, मग उतरत्या वयात करडी. आपली मधुमालती नाही का, रात्री पांढरी उमलते, सकाळी गुलाबी आणि मग लाल होते? फुलांच्या अशा रंग पालटण्याने पाखरांना ताजे फूल कोणते याची खूण पटते, असे जाणकार सांगतात.

आणि पाखरे खरोखरच आली. शिंजीर म्हणून एक चिमुकला पक्षी असतो, काळा-जांभळा, उन्हात चमकणारा, चोच सुईसारखी वाकडी. तो रोज सकाळी सातच्या सुमारास येऊन फांदीला लोंबकळून मध पिऊ लागला. मध पिताना त्या वाकड्या दांड्यावरचा पराग डोक्याला लागतो आणि पुढच्या फुलाला पोचतो. नातू तेव्हा साडेतीन वर्षांचा. त्या टाळेबंदीत त्याला बाहेर नेता येत नव्हते. तो खिडकीत बसून 'आला, आला' करी. मुलगाही त्याच्यामागे येऊन उभा राही. फरशीचा विषय त्यानंतर घरात निघालेला नाही. मीही काढलेला नाही.

एक गंमत सांगते. ही मुरुडशेंग कोणाच्या कुळातली असेल? वनस्पतिशास्त्राच्या आजच्या हिशेबाने ती आपल्या कपाशीची नातलग आहे. जास्वंद, भेंडी, अंबाडी, सगळ्या एकाच कुळातल्या. पान हातात घेतले की पटते, भेंडीच्या पानासारखे खरखरीत, दातेरी. साल ओढली तर अंबाडीसारखा वाख निघतो. रानातले लोक त्याचे दोर वळत आले आहेत. शास्त्रीय नाव हेलिक्टेरेस आयसोरा, १७५३ साली लिनियसने दिलेले. पहिला शब्द ग्रीक, पिळाच्या अर्थाचा. दुसरा मलबारातल्या बोलीतला. म्हणजे त्या परदेशी पंडितालाही पहिल्यांदा पीळच दिसला.

नातेवाईक म्हटले की त्यांची दुखणीही आलीच. एका वर्षी शेंड्यांवर पांढरा पिठ्या ढेकूण चढला, जसा कपाशीवर चढतो. मी जुन्या दात घासायच्या ब्रशाने तो खरवडला आणि निंबोळीचे पाणी फवारले. दुसरा त्रास उधईचा: पालापाचोळा बुंध्याला चिकटवून ठेवला की लागते. पाला आळ्यात घाला, पण बुंध्याभोवती चार बोटे मोकळी सोडा.

आता लावण्याचे थोडे. खड्डा दीड हात खोल. आपली काळी माती पावसात पाणी धरून बसते आणि मुळे कुजतात, म्हणून निम्मा मुरूम मिसळावा, दोन घमेली कुजलेले शेणखत. दोन झाडांत पाच-सहा हात अंतर ठेवा, कारण मुळांपासून फुटवे निघून झुडूप रुंद होत जाते. आमचा एक फुटवा भिंतीखालून शेजाऱ्यांकडे निघाला. त्यांनी तो काढला नाही, वाढवला. हे फुटवे पावसाळ्यात मुळासकट अलग करून लावले तर बियांच्या खटपटीतून सुटका होते. पहिले दोन उन्हाळे पाणी हवे. मी शेजारी जुना गळका माठ गळ्यापर्यंत पुरला आणि आठवड्यातून दोनदा भरला. पाणी झिरपत राहते, वाया जात नाही. तिसऱ्या उन्हाळ्यापासून मी पाणी घातलेले नाही. शेंगा उतरल्या की माघ-फाल्गुनात निम्म्या उंचीवर छाटावे. फूल नव्या फुटीवर येते. न छाटल्यास खाली नुसता काड्यांचा भारा आणि फुले वर, जेथे आपला हात पोचत नाही.

आणि ज्यांच्याकडे परस म्हणजे दोन भिंतींमधली अंधारी बोळ आहे, त्यांनी मुरुडशेंगेच्या भरीस पडू नये. तेथे अडुळसा लावा. काडी खोवली तरी लागतो, बकरी तोंड लावत नाही, पांढरी फुले येतात. अबोलीही सावलीत येते, पण तिला पाण्याचे लाड लागतात.

काहीजणी म्हणतील, एवढी खटपट कशाला, रानातून एक झाड उपटून आणू. अभयारण्यातून पानसुद्धा आणू नये, तो गुन्हा आहे. आणि बाहेरच्या रानातलेही मोठे झाड उपटले तर बहुधा जगत नाही. शिवाय त्या शेंगा गोळा करून बाजारात आणणाऱ्या बायांची ती चार पैशांची मिळकत आहे. शेंगा विकत घ्या. बी त्यांतच आहे. उलट बाहेरून शोभेला आणलेल्या झाडाची गोष्ट आपल्या डोळ्यांसमोर आहे. ही रायमुनिया, जिने रानेच्या रानं व्यापली, ती अमेरिकेतून फुलांच्या हौसेनेच आणलेली होती.

मागे बसलेल्या काही वडीलधाऱ्या बायका मघापासून कुजबुजताहेत, मला ऐकू येते आहे: 'आम्ही सगळ्यांना गुटी दिली, काय झाले?' काकू, तुमचा मान ठेवून सांगते, माझीही मुले गुटीवरच वाढली. पण आता घरात बाळ असेल तर त्याच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय माझ्या झाडाची शेंग त्याच्या तोंडी लावू नका. मी हे झाड फुलासाठी आणि शिंजिरासाठी लावले आहे. सासूबाईंची सहाण देवघरात आहे, तीवर आता चंदन उगाळते.

यंदाच्या शेंगांच्या बिया मी कागदाच्या पुड्यांत बांधून आणल्या आहेत, एकेका पुडीत दहा. दाराजवळ चहाच्या टेबलाशेजारी सुपात ठेवल्या आहेत. चाळीस पुड्या आहेत आणि आपण साठ-पासष्टजणी आहोत, तेव्हा एका घरी एकच न्यावी. पाण्याचे आधी सांगितले आहे. पुडीवरही लिहून ठेवले आहे.